हवालदाराची गस्त

६ जानेवारी, मंगळवार

आज पुन्हा दोन तास बागेतल्या बाकावर बसून आलो. बाक आमच्या घराच्या अगदी समोर आहे. तिथून आमची खिडकी दिसते, आणि मधूनच पडद्यामागून जाणारी मंगळवारच्या बाईंची सावली दिसते. या बाई एका संस्थेच्या. आजारी किंवा अपंग माणसाला घरी सांभाळणाऱ्याला जरा उसंत मिळावी, म्हणून त्या दर मंगळवारी दुपारी येतात आणि त्याच्या जागी बसतात. मला म्हणतात, "काका, जा, फिरा, मित्राकडे जा, नाहीतर झोप काढा." मित्र एकच उरलाय आणि तो आमच्याच वरच्या मजल्यावर राहतो. झोप घराबाहेर येत नाही. मग मी बाकावर बसतो आणि माझ्याच घराकडे पाहत राहतो, जसं काही तिथे दुसरंच कुणी राहतं.

परत आलो तर बाईंनी विचारलं, "काय वाटतं हो बाहेर बसल्यावर?"

काही वाटत नाही, म्हणालो. दाढ काढताना भूल देतात, तेव्हा ओठ असतो आपल्याच तोंडाला, पण बोट लावलं तर शेजाऱ्याचा वाटतो. तसं.

"बोलत नाही तर निदान लिहीत तरी जा," बाई म्हणाल्या. म्हणून हे लिहिणं.

ज्याला सांभाळायचं तो माझा मुलगा. वय चव्वेचाळीस, केस माझ्याइतकेच पिकलेले, आणि समज, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे, सहा वर्षांच्या पोराची. लहानपणापासून दोन्ही हात पाठीमागे बांधून, छाती काढून चालतो, म्हणून त्याच्या आईनं नाव ठेवलं हवालदार. ती गेली, नाव राहिलं.

गेल्या वर्षापासून त्याला नवंच खूळ लागलंय. एकदा माझं दूध उतू जाऊन पातेलं करपलं. माणसाच्या हातून होतं एखाद्या वेळी. पण दुसऱ्या दिवसापासून हे महाराज दिवसातून पाच-सहा वेळा स्वयंपाकघरात जातात, गॅसच्या बटणाला हात लावतात आणि गंभीरपणे म्हणतात, "बंद." रात्री आठला तर पूर्ण गस्त असते. पुढचं दार, नळ, खिडकी, आणि शेवटी गॅस. किती समजावलं. ऐकेल तर हवालदार कसला!

गस्त झाली की कविता. मी चाळीस वर्षं शाळेत कारकून होतो. माझी कचेरी आणि चौथीचा वर्ग यांच्यात एक लाकडी फळ्यांची भिंत होती. पलीकडे मुलं सुरात कविता म्हणायची आणि इकडे मी शिक्के मारायचो. कवितांचं पुस्तक मी कधी हातात धरलं नाही. सगळं कानानं आलेलं. त्यामुळे माझ्या कविता जरा विचित्र पाठ आहेत. घंटा व्हायची तिथे त्या तुटतात. हवालदाराला फक्त ओळीचा शेवटचा शब्द येतो. मी म्हणायचं, "दूर गेले गाव माझे, नाव गेली..." आणि त्यानं म्हणायचं, "वाहुनी!" मग "कोण तेथे दीप लावी, वाट माझी..." की "पाहुनी!" हल्ली फार घाई करतो. मी जरा श्वास घ्यायला थांबलो की लगेच शब्द पुढे करतो.

८ जानेवारी, गुरुवार

विशेष काही नाही. चष्मा सापडत नव्हता. हवालदारानं फ्रिजमधून काढून दिला. तिथे कशाला ठेवतो कोण जाणे! रागावलो नाही. रागवायलाही अंगात काहीतरी लागतं.

११ जानेवारी, रविवार

थोरलीचा, म्हणजे माझ्या मुलीचा, फोन. ती दुसऱ्या शहरात असते, दर रविवारी सकाळी फोन करते. आज आवाजावरूनच कळलं, काहीतरी तयारी करून बोलतेय.

"बाबा, मंगळवारच्या बाईंशी बोलले मी. हवालदारासारख्यांना कायमचं सांभाळणारं एक घर त्यांच्या ओळखीचं आहे, तिथे एक जागा रिकामी झालीय. सहा जणच राहतात तिथे. चांगलं आहे."

"तुला कसं ठाऊक चांगलं आहे?"

"मी एका दिवसाची रजा काढून जाऊन बघून आले. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही जाऊ दिलं नसतं."

"इथवर आलीस आणि घरी नाही आलीस?"

ती म्हणाली, "आले होते बाबा. जेवले तुमच्याकडे. डिसेंबरात."

असेल. मी म्हणालो, हो हो.

पुढे म्हणाली, "आठ दिवस तिथे राहून बघायचं. पटलं तर महिनाअखेरीला हो म्हणायचं. नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार, आणि अशी जागा वर्षानुवर्षं मिळत नाही. तुम्ही शहात्तर वर्षांचे आहात. तुमच्यानंतर त्याचं काय? मी नेईन, पण माझ्या घरात तो कसा राहील ते तुम्हीही जाणता."

जाणतो. तुमच्यानंतर काय, हा प्रश्न आमच्या घरात एखाद्या जुन्या कपाटासारखा आहे. सगळ्यांना त्याची ठेच लागते, हलवत कुणी नाही.

संध्याकाळी दंतवैद्य खाली आला. वरच्या मजल्यावरचा हाच तो माझा एकुलता मित्र. दवाखाना बंद करून दहा वर्षं झाली, पण अजून बोलताना समोरच्याच्या तोंडात पाहतो. त्याला सांगितलं.

"पाठव," तो म्हणाला.

"तू बोलणारच. तुला काय, दुसऱ्याचं उपटायची सवय."

"अरे कारकुना, हलणारा दात धरून ठेवला की काय होतं, माहितेय? शेजारचाही जातो."

"हवालदार हलणारा दात नाही."

"मी हवालदाराबद्दल बोलत नव्हतो," तो म्हणाला आणि चहा संपवून गेला. या माणसाला सरळ बोलता आलं असतं तर दवाखाना अजून चालला असता.

१३ जानेवारी, मंगळवार

बाईंनी आज मला बाकावर पिटाळलं नाही. म्हणाल्या, "आठ दिवस पाठवायचा विचार करताय, तर त्याच्याबद्दल तिथल्या लोकांना काय सांगायला हवं ते मला सांगा."

मी सांगितलं. अंडं पूर्ण उकडलेलं लागतं. वीज कडाडली की पलंगाखाली जातो. शर्टाच्या गुंड्या लावता येत नाहीत. रोज सकाळी उघड्या शर्टानं माझ्यासमोर येऊन उभा राहतो आणि मी खालपासून वर एकेक लावून देतो. हे मात्र तिथे कुणाला तरी करावं लागेल.

"आणि?"

"आणि ते गॅसचं खूळ. ते मोडून काढा म्हणावं. शिस्तीच्या ठिकाणी मोडेल."

"हे नक्की कधीपासून?" बाईंनी विचारलं.

मी दुधाची गोष्ट सांगितली. हवालदार आमच्या मध्येच बसला होता, नखं पाहत. तो म्हणाला, "दूध. मग भात. मग पंचा." पंचाचं काय ते मला आठवेना. बाईंनी त्याला विचारलं, "पंचाला काय झालं होतं?" त्यानं दोन्ही हात वर करून ज्वाळा दाखवल्या आणि हसला. कल्पनाशक्ती आहे पोराला. माझीच.

बाई उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्यावर म्हणाल्या, "काका, तुम्ही दुपारी काय जेवलात?"

जेवलो होतो. काय ते सांगितलं नाही. प्रत्येक गोष्टीचा जबाब द्यायला मी आरोपी नाही.

१७ जानेवारी, शनिवार

घर पाहून आलो. बाई सोबत होत्या.

दुमजली, साधं. खाली लांबट खोली, तिथे ते लोक दिवसा काम करतात. चपलांच्या दुकानाला पुठ्ठ्याची खोकी लागतात, ती सपाट येतात. घड्यांवर दुमडून त्यांची खोकी उभी करायची. एक जण दुमडतो, एक झाकण बसवतो, एक रचतो. तिथे सगळे ज्यांना मावशी म्हणतात त्या बाई हे घर चालवतात. खांद्याला टॉवेल, आवाज बाजारात हाक मारावी तसा.

"या, हवालदारसाहेब! बंदोबस्ताला माणूस हवाच होता आम्हाला," त्या म्हणाल्या.

हवालदार मावशीकडे न बघता टेबलाशी गेला. शेजारच्या माणसाचे हात थोडा वेळ पाहिले. मग एक पुठ्ठा घेतला आणि दुमडला. खोकं झालं. दुसरं घेतलं. मी म्हणत होतो, "अरे, त्याला जमणार नाही, कडा बोटाला लागतात," तोवर तिसरं झालं.

"तुमचं पोरगं कामाचं आहे की!" मावशी म्हणाली.

मी हसलो. आनंद व्हायला हवा होता. खिडकीतून पलीकडच्या शाळेचं मैदान दिसत होतं, सुट्टीमुळे ओसाड. मी त्या शाळेच्या भिंतींकडे पाहत बसलो. आमच्या शाळेत घंटा वाजली की आधी शांतता व्हायची, एका श्वासापुरती, आणि मग गोंगाट. ती शांतता आजवर कुणी कवितेत घातली नाही.

निघताना हवालदारानं तिथल्या दाराची कडी, नळ आणि खिडकी तपासली. मग मला विचारलं, "गॅस?"

मावशी म्हणाली, "आमचं स्वयंपाकघर मागे आहे, राजा. कुलूप असतं."

त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

सोडून आलो. पिशवीत चार शर्ट, पांघरूण, त्याच्या आईचा मफलर. दारात त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. "बाबा चल," म्हणाला. म्हणजे तूही चल, असं असावं.

"मी आठ दिवसांनी येतो."

"बाबा एकटा?"

"मी काय लहान आहे?" मी म्हणालो. मावशी हसली. तो हसला नाही.

घरी येऊन दोन माणसांचा भात टाकला. मग लक्षात आलं. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. दोन माणसांचा भात जेवलो.

२० जानेवारी, मंगळवार

दुपारी दारावर टकटक. मंगळवारच्या बाई! बिचाऱ्या सवयीनं आल्या असाव्यात.

"अहो, तो नाहीये," मी म्हणालो. "तिकडे नाही का सोडला आपण!"

"ठाऊक आहे काका. चहा देता का?"

घरी आलेल्या माणसाला चहाला नाही कसं म्हणणार! केला. बोलत बसलो. म्हणजे मीच बोललो, लाकडी भिंतीपलीकडच्या एका मुलीबद्दल, जी सगळ्यांच्या मागून अर्धी मात्रा उशिरा म्हणायची. वर्षभर तो मागे पडणारा आवाज ऐकला, चेहरा कधी पाहिला नाही. मध्येच बाई उठून शेगडीपाशी जाऊन आल्या. उकडत असावं. खिडकीही उघडली त्यांनी.

नंतर मी टोपी घातली आणि बाकावर जाऊन बसलो. दोन तास मोकळीक, तो नियमच आहे. बाई खिडकीतून माझ्याकडे पाहत होत्या. मी हात केला. त्यांनीही केला.

२१ जानेवारी, बुधवार

मावशीचा फोन. "काका, तसं सगळं छान आहे हो. जेवतो, काम करतो. पण झोपत नाही. आठ वाजले की पिशवी उचलून दाराशी उभा. 'बाबा गॅस, बाबा गॅस.' आमचं स्वयंपाकघर उघडून दाखवलं, शेगडीवर त्याचा हात ठेवला, बंद आहे बघ म्हटलं. तो म्हणतो, 'हा नाही.'"

मी हसून म्हणालो, "सांगितलं होतं ना खूळ आहे. दुर्लक्ष करा, विसरेल."

"बरं," मावशी म्हणाली. "आणि गुंड्यांचं तुम्ही काय सांगत होता? सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसलेला असतो. कॉलरची सुद्धा लावतो."

माझा विश्वास बसला नाही. त्यांची कुणा दुसऱ्याशी गल्लत होत असेल. सहा जण म्हणजे काही कमी नव्हेत.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज जरा गडबड झाली. सकाळी पाणी तापत ठेवलं आणि खुर्चीत डोळा लागला असावा. जाग आली ती दंतवैद्याच्या ओरडण्यानं. तो सगळ्या खिडक्या उघडत होता. पाणी उतू जाऊन ज्योत विझली होती म्हणे, आणि वास थेट वरपर्यंत गेला होता. आमच्या घराची जादा किल्ली त्याच्याकडे असते म्हणून बरं.

"मेला असतास गाढवा! आणि मलाही नेलं असतंस, माझी काही इच्छा नसताना!"

"बटण सैल झालंय," मी म्हणालो.

त्यानं बटण फिरवून पाहिलं. ते सैल नव्हतं. मग तो माझ्या समोर स्टूल ओढून बसला, पेशंटसमोर बसायचा तसा, गुडघ्याला गुडघा लावून.

"वर्षभर मी या छताच्या वर निवांत झोपतोय," तो म्हणाला. "का, ते आज कळलं."

मी विचारलं, चहा घेणार का? तो म्हणाला, "नको. आज मी करतो, वर चल."

त्याच्याकडे दिवसभर बसलो. तो पेपर वाचत होता, मी नाही. रात्री आठला माझे कान उगाच टवकारले. कुणी "बंद" म्हणालं नाही. घंटा झाल्यावरची ती शांतता झाली फक्त, आणि मागून गोंगाट आलाच नाही.

२६ जानेवारी, सोमवार

हवालदाराला घरी आणलं. गाल बसलेत. दार उघडल्याबरोबर बूटही न काढता तो आत धावला. मी मागून पिशवी घेऊन. तो शेगडीसमोर उभा होता, बटणावर हात ठेवून. "बंद," म्हणाला. मग तिथेच फरशीवर बसला आणि भिंतीला टेकून झोपला. दुपार होती. बूट तसेच पायात.

आठला उठला नाही. मी उठवलंही नाही. त्याचे बूट काढले तेव्हा पायांना सूज आलेली होती, उभं राहून राहून येते तशी.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी तो उघड्या शर्टानं येऊन समोर उभा राहिला.

"तुला लावता येतात," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. येतात.

"मग?"

"बाबा लाव."

मी लावायला घेतल्या. एक गुंडी चुकली आणि सगळा शर्ट वाकडा झाला. तो शांतपणे उभा होता, हनुवटी वर करून. किती वर्षं हा माझ्यासाठी असा उभा राहतोय? मी हिशेब करायला गेलो नाही.

दुपारी बाई आल्या. थोरलीनं रजा टाकली होती, तीही आली. दंतवैद्यानं सगळं सांगितलेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर होतं. तिची आई पदराशी चाळा करायची, तसा थोरली ओढणीशी करत होती. कुणीच सुरुवात करेना, तेव्हा मीच म्हणालो, "बाई, आठवड्यातून एका दिवसाऐवजी दोन दिवस या. मी सांभाळतो त्याला. तुमची संस्था सांभाळणाऱ्यांसाठीच आहे ना?"

"हो काका," बाई म्हणाल्या. "सांभाळणाऱ्याचाच भार हलका करायला मी या घरी यायचे. सांभाळणारा कोण, हे ओळखायला मात्र मला वेळ लागला."

त्यांनी हवालदाराकडे पाहिलं. तो खिडकीची कडी लावत होता.

"तो वर्षभर पहाऱ्यावर आहे," बाई म्हणाल्या. "त्याला सुट्टी नाही. दूध, भात, पंचा... आणि आम्हाला न सांगितलेलं आणखी किती, ते त्यालाच ठाऊक. काका, त्याला इथे ठेवलंत तर तो हे करत राहील. तुम्ही असेपर्यंत. ते त्याच्या झेपण्यातलं नाही, आणि तो थांबणारही नाही."

थोरली रडायला लागली. मला वाटलं, हिला पाणी द्यावं. हवालदारानं आधी दिलं.

मी त्याला विचारलं, "तिकडे आवडलं का रे?"

"खोकी," तो म्हणाला आणि हातानं भराभर दुमडून दाखवलं. चेहरा खुलला. मग एकदम बंद झाला. "बाबा गॅस."

हे सगळं मला कळलं. म्हणजे शब्द कळले, एकेक, शिक्का मारल्यासारखे. अर्थ कुठेतरी फळ्यांच्या पलीकडे चालू होता. मला भूक लागली होती, तेवढं नक्की आठवतं.

"गॅस काढून टाकला तर?" मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले, जणू खुर्ची बोलली.

"घरात गॅसच नसेल तर त्याला पहारा कशाचा? तिकडे झोप लागेल. मला विजेची शेगडी चालेल. आपोआप बंद होते ती."

"आणि डॉक्टरकडे यायचं, बाबा," थोरली म्हणाली. "तुमच्यासाठी. डोकं तपासायला."

"बरं."

"आणि दुपारचा डबा."

"बरं."

"आणि तुम्ही माझ्याकडे..."

"ते नाही," मी म्हणालो. एवढ्या वेळात तेवढे दोनच शब्द माझे मला ऐकू आले.

३१ जानेवारी, शनिवार

मावशीला हो कळवलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

गॅसवाला आला आणि सिलिंडर, नळी, शेगडी सगळं घेऊन गेला. हवालदार त्याच्यामागून जिन्यानं खाली उतरला आणि टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत रस्त्यात उभा राहिला. मग वर येऊन ओट्यावर रिकाम्या जागी हात ठेवला. तिथे तेलाचा चौकोनी डाग आहे. डागावर हात फिरवला.

त्याच्या हातात पिशवी दिली. शर्टाच्या गुंड्या त्यानं स्वतः लावल्या होत्या, वरची एक सोडून. ती मी लावली.

मावशीच्या दारात तो थांबला. "गॅस नाही," म्हणाला. मला की स्वतःला, कळलं नाही. आणि हात पाठीमागे बांधून आत गेला. पाठ दिसली, पांढरे केस दिसले. मागून पाहिलं तर तो मीच वाटतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांनी विचारलं, आज कोणता वार? सांगितला. मग तीन वस्तूंची नावं घेतली आणि थोड्या वेळानं ती परत विचारली. एक सांगितली. मी म्हणालो, शेवटचा शब्द कुणी दिला तर बाकीच्या दोन सांगेन. त्यांना ते समजलं नाही. गोळ्या दिल्यात.

बाई आता मंगळवारी माझ्यासाठी येतात. दोन तास होऊन गेले तरी मला बाहेर पाठवत नाहीत. मीच खिडकीतून बाकाकडे पाहतो. त्यावर कुणी नसतं.

मावशी सांगत होती, पहिल्या दोन रात्री तो पिशवी घेऊन दाराशी गेला. तिसऱ्या रात्री तिनं मला फोन लावून दिला. आता रोज आठला फोन येतो. तो विचारतो, "गॅस?" मी ओट्यापर्यंत चालत जातो, डागावर हात ठेवतो आणि म्हणतो, "नाही." मग त्याला झोप लागते म्हणे. घोरतो. बाकीचे पाच जण तक्रार करतात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आठला फोन आला. मी आधीच ओट्यापाशी जाऊन उभा होतो.

"जेवलो," तो म्हणाला.

"बरं केलंस."

"खोकी झाली. खूप."

"शाब्बास."

मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, हसत होतं. तोही हसला, फोन बाजूला धरून. मी वाट पाहिली.

"अरे, गॅसचं नाही विचारलंस?"

"गॅस नाही," तो म्हणाला, जसं मला समजावतोय. खरंच होतं. यात विचारण्यासारखं काय राहिलंय!

फोन ठेवेल असं वाटलं म्हणून मी कविता काढली. "दूर गेले गाव माझे, नाव गेली..." "वाहुनी!" पुढची ओळ मला येईना. चाळीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेली, चव्वेचाळीस वर्षं म्हटलेली ओळ, आणि समोर नुसता कोरा फळा. श्वास घ्यायला थांबल्यासारखं केलं.

"पाहुनी," तो हळूच म्हणाला. त्याला घाई नव्हती. कधीच नव्हती.

त्या शब्दाला धरून मी उलट्या पावली चालत गेलो. पाहुनी. वाट माझी पाहुनी. दीप लावी. कोण तेथे दीप लावी वाट माझी पाहुनी. पूर्ण झाली. त्यानं फोन ठेवला.

मी हात पाठीमागे बांधले. नळ पाहिला, बंद होता. खिडकी पाहिली, कडी लावली. विजेच्या शेगडीला हात लावला, गार होती. पुढचं दार उघडून पाहिलं.

किल्ली बाहेरच राहिली होती. आत घेतली.